पाण्याच्या खोलीतली अंडी

तुंगारेबाईंचं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात शिडीवर उभा होतो. वरच्या फळीवरचे बांधीव अंक झटकत होतो. शिपायानं ते खालूनच वर केलं. "पुण्याचं आहे," म्हणाला. मी शिडीवरच फोडलं. निळं आंतरदेशीय पत्र, बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. मजकूर थोडा होता.

'इथे माद्या अंडी घालतात, पण निम्म्याहून जास्त नासतात. पाचगणीत ती कशी जगवलीत ते मला सविस्तर लिहून पाठवा. प्रबंधात तुमच्या नावानं देईन. टाळू नका. तुम्ही टाळाल हे मला माहीत आहे.'

ही १९८७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी टाळलं.

प्रश्न अवघड नव्हता. उत्तर मला तोंडपाठ होतं, आजही आहे. तरी दिलं नाही. ते का, हे सांगायचं तर त्याच्या आदल्या वर्षीच्या फाल्गुनात जावं लागेल. मी सांगतोय त्यात थोडं मागेपुढे होईल. वय अठ्ठ्याहत्तर आहे, आणि माझ्या आठवणीवर माझा स्वतःचाही फारसा विश्वास नाही.

शालन तुंगारे आमच्या निवासी शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. तिशीच्या होत्या. प्रयोगशाळेच्या मागच्या थंड कोपऱ्यात त्यांनी काचेच्या टाकीत दोन सॅलमँडर पाळले होते. शाळा सोडून मायदेशी गेलेल्या एका जर्मन शिक्षकानं ते त्यांच्या हवाली केले होते. सॅलमँडर म्हणजे बेडकाचा शेपूटवाला भाऊबंद, दिसायला पालीसारखा. हे मेक्सिकोतल्या जातीचे. ते पाण्याबाहेर येतच नाहीत. मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले असतात, आणि जिवणी अशी की कायम मनातल्या मनात हसत असल्यासारखी वाटावी. वीतभर लांब, फिकट गुलाबी. प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या हौसाबाईंनी त्यांची नावं पाटील आणि पाटलीण अशी ठेवली होती. शाळेत तीच रूढ झाली.

फेब्रुवारीच्या शेवटी बाई ग्रंथालयात आल्या.

"मायदेव, एक काम सांगितलं तर नाही म्हणाल?"

"काम काय आहे?"

"बघा, आधीच नाही म्हणायची तयारी." त्या माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकल्या. ग्रंथालयात असं कुणी टेकत नसे. "बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पंधरा दिवस पुण्याला जातेय. पाटील-पाटलिणीला रोज संध्याकाळी गांडुळाचे तुकडे घालायचे. टाकीवर ऊन येऊ द्यायचं नाही. बस, इतकंच."

"हौसाबाई करतील की. त्यांना माहीत आहे सगळं."

बाईंनी आवाज खाली आणला. "हौसाबाईनं टाकीत हात घालायचा नाही, असा हुकूम आहे. मागे भिंग फुटलं तेव्हा मुख्याध्यापकांनी लेखी ताकीद दिलीय तिला. पुन्हा काही झालं तर काढून टाकणार आहेत. ती पाणी आणेल, फरशी पुसेल. प्राणी तुमच्या नावावर."

"आणि त्यांनी अंडी घातली तर?"

"अंडी!" त्या हसल्या. "दिवाळीपासून एका टाकीत आहेत. नुसते एकमेकांकडे बघत बसतात. तुमच्यासारखे आहेत, मायदेव. तोंड उघडायचं नाव नाही."

मी कपाटाची किल्ली शोधू लागलो. किल्ली कुलपालाच होती.

जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "डॉक्टर हुपरीकर मार्चअखेर महाबळेश्वरला येणार आहेत. जाता जाता इथे डोकावतील. दोनदा अर्ज केला त्यांच्याकडे संशोधनासाठी. 'प्राणी जगवणं म्हणजे संशोधन नाही, वाढवून दाखवा,' म्हणाले. तोवर अंडी झाली असती तर... जाऊ दे. तिसऱ्यांदा काही ते विचारणार नाहीत."

बाई गेल्यावर चौथ्या दिवशी, वाचनाच्या तासाला मुलं बसलेली असताना, हौसाबाई थेट ग्रंथालयात आल्या. पन्नाशीच्या, काटक. शिक्षक नसलो तरी मला मास्तर म्हणायच्या. असं म्हणू नका, हे सांगून मी थकलो होतो.

"मास्तर, चला. पाटलीण व्याली!"

मुलं हसली. मी त्यांना गप्प करायचं विसरून धावलो.

टाकीतल्या पाणवेलीच्या देठांना कुणी भिजवलेला साबुदाणा चिकटवावा तशी अंडी लागली होती. प्रत्येकाच्या पोटात मोहरीएवढा काळा ठिपका. पाटलीण कोपऱ्यात निवांत बसली होती. पाटील दुसऱ्या कोपऱ्यात. दोघं हसत होते.

"काढा भाईर," हौसाबाई म्हणाल्या. "बाजूला ठिवा."

"थांबा, बघतो."

"काय बगता? दिसतंय की."

"पुस्तकात बघतो."

आमच्याकडे एका इंग्रजी निसर्गकोशाचे सहा जाड खंड होते. वीस वर्षांत ते माझ्याखेरीज कुणी उघडले नव्हते. चौथ्या खंडात मला हवा तो परिच्छेद सापडला. सॅलमँडरची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, ती फुटेपर्यंत राखण करते, आणि तिला हुसकावलं तर अंड्यांना बुरशी लागून एकही जगत नाही. 'एकही' हा शब्द मी तीनदा वाचला. मग खंड बगलेत मारून परत गेलो.

"आईपासून लांब नाही करायची," मी सांगितलं. "ती राखण करते."

"कोन? ही?" हौसाबाईंनी टाकीकडे बोट केलं. "हिनं तर पाट फिरवलीया."

"लांबून करत असेल."

"मास्तर, माजं म्हायेर धोमचं, किस्नाकाटचं. बाप नाव चालवायचा, मासं धरायचा. पान्यातलं जित्राब अंडी घालतं आन् इसरतं. भूक लागली की त्येच खातं. त्येला काय ठावं कुनाची हाईत?"

"ते मासे. हे मासे नाहीत, हौसाबाई."

"पान्यात ऱ्हातंय न्हवं?"

मग मी त्यांना उभयचर प्राण्यांविषयी बरंच काही सांगितलं. केरसुणी भिंतीला टेकवून त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाल्या. "तुमी शिकल्यालं. पर बाईंना फोन तरी लावा."

बाईंनी शेजाऱ्यांचा नंबर दिला होता. पण ट्रंक कॉल लावायचा म्हणजे पोस्टात जाऊन नंबर नोंदवायचा, मग दहा माणसांसमोर 'अंडी, अंडी' असं ओरडायचं. त्यात त्याच दिवशी वडिलांचं ऑपरेशन असलं तर? शिवाय, खरं सांगायचं तर, पुस्तक हातात असताना माणसाला विचारायचं माझ्या स्वभावात नव्हतं.

त्या दुपारी मी टाकीमागे चौकटीचा कागद धरून अंडी मोजली. तीनशे दहा भरली. दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद. पाण्यातून बघताना मोजणी चुकते, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर.

तेव्हा मात्र मी स्टूल ओढून टाकीसमोर बसलो. पाऊण तास काही झालं नाही. मग पाटलीण उठली, अगदी सावकाश पाणवेलीपाशी आली, तोंड उघडलं, आणि एक अंडं आत ओढलं. मग दुसरं. चेहऱ्यावर तेच हसू. पाटील मागून आला आणि तिच्या शेजारी जेवायला बसला.

माझ्या हातून पुढे जे झालं ते अधिक वाईट. मी घाबरून स्टुलावरून उठलो, कात्रीनं वेलीचे देठ कापले, उरलेली सगळी अंडी जॅमच्या चार बाटल्यांत घातली आणि बाटल्या नळाखाली भरल्या. टाकीत पाणी कुठलं घालतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते हौसाबाईंचं काम होतं. नळाच्या पाण्यात त्या आठवड्यात क्लोरिनचं औषध घातलेलं होतं. वासही येत होता. तो मला दुसऱ्या दिवशी आला, बाटल्यांतली अंडी शिजलेल्या शितांसारखी पांढरी झाल्यावर.

मी प्रयोगशाळेच्या बाकावर बसून बाईंना पत्र लिहायला घेतलं. 'कळवण्यास अत्यंत खेद होतो की' इथपर्यंत आलो. एवढ्यात हौसाबाई बादली घेऊन आल्या. बाटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"रडताय व्हय?"

"नाही."

"मग डोळं धुवा आन् माज्यासंगं या. पर आदी शबुद द्या, रागावनार न्हाई."

"मी कशाला रागावू?"

"शबुद द्या."

मी दिला.

स्वयंपाकघरामागे पाण्याची खोली होती. मुलांच्या पिण्याच्या पाण्याचे पाच रांजण तिथे वाळूत अर्धे पुरलेले असत. खिडकी नाही, वाळू कायम ओली. पाचगणीच्या भर उन्हाळ्यातही तिथे पाय ठेवला की गारवा घोट्यापर्यंत चढे. शेवटच्या रांजणामागे वाळूवर दोन मातीची परळं ठेवली होती, पसरट, भाकरीच्या तव्याएवढी, वर ओलं फडकं. हौसाबाईंनी फडकं उचललं.

पाणवेलीच्या डहाळ्या. डहाळ्यांना अंडी. स्वच्छ, पाण्यासारखी नितळ, आणि आतला काळा ठिपका किंचित लांबट झालेला.

"अट्टावन्न हाईत," त्या म्हणाल्या. "पैल्याच सांजंला उचलली. तुमी बुक वाचत हुता तवा."

मी परळांपाशी उकिडवा बसलो. शेवटी बोललो तेही चुकीचंच. "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर परत टाकीत ठिवा म्हनला असता."

म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो.

"आणि कुणी पाहिलं असतं तर? टाकीत हात घातला म्हणून..."

"त्ये म्हाईत हाय मला," हौसाबाई म्हणाल्या. "म्हनून तर हितं आनली. पान्याच्या खोलीत कोन येतंय? आन् बाई जाताना माज्यापाशी रडल्या हुत्या. तुमच्यापाशी हसल्या असतील."

त्या दिवसापासून मी हौसाबाईंच्या हाताखाली कामाला लागलो. कामं सोपी होती आणि मला ती एकेक करून शिकवली गेली. उजाडताना विहिरीचं पाणी आणायचं, ते रांजणात दिवसभर निवू द्यायचं, आणि आदल्या दिवशीचं निवलेलं पाणी परळात घालायचं. घालायचं तेही ओतून नाही, फडकं बुडवून पिळून. परळ मातीचंच हवं, कारण ते पाझरतं आणि पाझरतं म्हणून गार राहतं. एखादं अंडं पांढरं पडलं की कोंबडीच्या पिसानं अलगद बाजूला घ्यायचं.

"येक नासलं की शेजारचं नासतं," त्या म्हणत. "टोपलीतल्या वांग्यागत."

पहिल्या दिवशी मी पीस उलट्या टोकानं धरलं. त्यांनी ते काढून घेतलं. "तुमी परळ धरा नुसतं. हलवू नगा." दोन दिवस मी नुसतं परळ धरलं. तिसऱ्या दिवशी पीस परत मिळालं. नोकरीच्या इतक्या वर्षांत मला दुसरी बढती मिळाली नव्हती, त्यामुळे ती लक्षात आहे.

बाईंचं कार्ड आलं. वडिलांच्या डोळ्याला पाणी येतंय, आणखी आठवडा लागेल. अंड्यांविषयी एक अक्षर नव्हतं. असायचं कारणच नव्हतं.

"बाईंना काय लिवलं?" हौसाबाईंनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"अंड्याबद्दल हो! तुमास्नी दुसरं काय सुचलं?"

मी परळातल्या पाण्याकडे बघत राहिलो. माझे कान तापले होते. त्यांना ते दिसलं असणार, पण त्यांनी दया केली.

"नगा लिवू," म्हणाल्या. "आदी फुटू द्यात. आशा लावून फुटली न्हाईत तर वंगाळ."

दरम्यान मी चौथा खंड पुन्हा काढला. या वेळी दोन पानं मागं गेलो. ती वेटोळं घालून बसणारी आई ओल्या ओंडक्यांखाली, जमिनीवर राहणाऱ्या वेगळ्याच जातीची होती. मथळा मागच्या पानावर होता आणि मी तो वाचलाच नव्हता. हे हौसाबाईंना सांगावं की नाही यावर मी एक दिवस घालवला, मग सांगितलं.

"म्हंजी बुक खोटं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नाही. मी चुकीचं पान वाचलं."

"दुसऱ्याच्या घरची सून तुमी हिच्या नावावर खपिवली!" आणि रांजणाला धरून त्या इतक्या हसल्या की स्वयंपाक्यानं बाहेरून 'काय झालं?' म्हणून विचारलं.

दिवस पुढे गेले. ठिपका लांबला, वाकला, स्वल्पविरामासारखा झाला. मग त्या स्वल्पविरामाला डोकं आलं. मग एका सकाळी तो अंड्याच्या आत गर्रकन फिरला. मी एकदम ओरडलो. आयुष्यात मी फारसा ओरडलेलो नाही. हौसाबाई म्हणाल्या, "हां, आता जीव धरला." ते पंधरा-सोळा दिवस मी सुखी होतो. एवढंच सांगतो, कारण पुढे ज्या गोष्टीची मला लाज वाटत आली, तिच्यात ते सुखही होतं आणि ते मला वेगळं काढता आलेलं नाही.

अठराव्या दिवशी सकाळी पाणी घेऊन गेलो तर परळात पापणीच्या केसाएवढी पिल्लं निश्चल पडलेली. मला वाटलं, मेली. हौसाबाईंनी पाण्यावर फुंकर मारली. सगळी एकदम उधळली.

"सुटली," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

त्रेचाळीस होती.

त्याच दिवशी दुपारी शाळेच्या फाटकात पुण्याची गाडी थांबली. डॉक्टर हुपरीकरांनी महाबळेश्वरला जाताना बाईंनाही सोबत आणलं होतं. हौसाबाईंनी ती आधी पाहिली. मला म्हणाल्या, "परळं घ्या. प्रयोगशाळेत, टेबलावर. पळा." आम्ही एकेक परळ घेऊन, सांडू न देता, शक्य तितके पळालो.

बाई आत आल्या त्या थेट टाकीकडे गेल्या. पाटील आणि पाटलीण हसत होते. पाणवेल कापलेली. बाई डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "जिवंत आहेत, इतकंच दाखवता येईल."

"बाई," मी म्हणालो, आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

त्या वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. डॉक्टर हुपरीकरांनी खिशातून भिंग काढलं. ठेंगणे, घाऱ्या डोळ्यांचे गृहस्थ होते. एक परळ बघितलं, दुसरं बघितलं, पाण्यात करंगळी बुडवली, परळाच्या ओल्या तळाला हात लावला.

"पाण्याचं तापमान कसं राखलंत?" त्यांनी विचारलं. "बर्फ?"

मग ते बाईंकडे वळले.

"तुंगारे, तुम्ही तर पुण्यात होतात. मग हे केलं कुणी?"

मी हौसाबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी केरसुणी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे, वऱ्हांड्यातून, पाहुण्यांसाठी मुख्याध्यापक लगबगीनं येत होते. मी तोंड उघडलं.

"मास्तरांनी," हौसाबाई म्हणाल्या. "बुकात बगून."

मुख्याध्यापक आत आले. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला आणि हलवला. बाई सरळ झाल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. "मायदेव," त्या म्हणाल्या, "तुम्ही?"

त्या एका शब्दात अविश्वास होता, आनंद होता, आणि आणखीही काही असावं. माझ्याकडे बघून तसं तोवर कुणी काही म्हणालं नव्हतं, नंतरही नाही. मी मान खाली घातली. लोकांनी तो विनय धरला.

संध्याकाळी मी हौसाबाईंना पाण्याच्या खोलीत गाठलं. "मी उद्या बाईंना खरं सांगतो."

"काय नगं. टाकीत हात घातला म्हनून कागूद निगंल. साहेब उबंच हुतं तितं. सा वर्सं ऱ्हायलीत माजी. थोरली पोर लग्नाला आलीया. गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. त्या कलेत मी आधीपासून वाकबगार होतो.

जूनमध्ये बाई पुण्याला गेल्या, डॉक्टर हुपरीकरांच्या विभागात. जाताना पिल्लं नेली, पाटील-पाटलिणीलाही नेलं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते पत्र आलं.

त्या पत्राला मी निदान सहा उत्तरं लिहायला घेतली. रीत माझ्या नावावर सांगावी तर चोरी. हौसाबाईंच्या नावावर सांगावी तर प्रबंध छापला जाणार, शाळेत पोचणार, आणि त्यांची नोकरी जाणार. हे कुणाला कळू देऊ नका, असं बाईंना लिहिता आलं असतं. ते मला सुचलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो. सुचलं होतं. पण मग टाकीतली अडीचशे अंडी माझ्या डोळ्यांसमोर आणि माझ्या हातानं कशी गेली तेही लिहावं लागलं असतं. आणि बाईंनी त्या दुपारी मला जे दिलं होतं ते परत करावं लागलं असतं. हौसाबाईंच्या नोकरीचं कारण मला पाच वर्षं पुरलं. १९९२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढची बत्तीस वर्षं माझी आहेत.

गेल्या महिन्यात शाळेनं माजी शिक्षकांच्या आठवणींचा अंक काढला आणि एक प्रत मला पाठवली. त्यात डॉक्टर शालन तुंगारे यांचा लेख आहे. त्यांनी हयातभर याच प्राण्यांवर काम केलं, विभागप्रमुख झाल्या, आता निवृत्त आहेत. लेखात माझं नाव चार वेळा आहे. 'मायदेवांनी अंडी कशी राखली हे मला त्यांच्याकडून शिकता आलं नाही,' असं त्यांनी लिहिलंय. 'ते फार संकोची. मी विचारलं, पण उत्तर आलं नाही. ती युक्ती मला पुण्यात तीन वर्षं घालवून पुन्हा शोधावी लागली. पण ती असू शकते, हे मला त्यांच्यामुळे कळलं होतं.'

तीन वर्षं. मी अंक मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पसरणीचा घाट उतरून वाईला गेलो.

हौसाबाई मुलाकडे राहतात. नव्वदीच्या आहेत. कानानं कमी, बाकी खणखणीत. ओसरीवर खाटेत बसल्या होत्या. मी ओळख सांगू लागलो तर म्हणाल्या, "वळखलं. तसंच चोरावानी येताय अजून. बसा."

मी त्यांना सगळा लेख मोठ्यानं वाचून दाखवला. गल्लीतली दोन-तीन माणसंही थांबून ऐकू लागली. नातसुनेनं चहा आणून ठेवला, तो निवला. लेख संपला.

"ब्येस लिवलंय," हौसाबाई म्हणाल्या. "आन् माजं नाव कुटं हाय?"

"नाही."

"का न्हाई?"

"बाईंना माहीतच नाही. तुम्हीच म्हणालात, गप्प राहा म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगू लागलो.

"आवं, ऐकलं!" त्या म्हणाल्या. "त्ये नोकरीपुरतं हुतं! मी रिटायर हून किती वर्सं झाली? पेन्शन खाऊन म्हातारी झाले. आन् तुमी अजून गपच?"

मी काही बोललो नाही. आणखी काय करणार?

"बाईंनी इचारलं हुतं तुमाला? कागदावर?"

"हो."

"आन् तीन वर्सं त्या पोरीनं हुडकत काडली?"

"हो."

त्यांनी अंक माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी नातसुनेला हाक मारली. "ये, मास्तरांना वही दे. कोरी. पेन बी." आणि मला म्हणाल्या, "लिवा. मी सांगते तसं. तुमचं बुकातलं घालू नगा मदी."

मी लिहिलं. त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं. विहिरीचं पाणी, रांजण, वाळू, पीस. मध्येच त्या थांबवत. "परळाचं लिवलं का? मातीचंच पायजे म्हनावं. जरमनच्या पत्र्याच्या ताटलीत शिजत्यात." "लिहिलं." "वाचा." मी वाचे. एका ठिकाणी मी 'प्रतिदिनी' असं लिहिलं होतं, ते त्यांनी 'रोज' करायला लावलं.

शेवटी खाली नाव घालायला सांगितलं. पूर्ण. सौभाग्यवती वगैरे काही नको, मालक जाऊन वीस वर्षं झाली, म्हणाल्या. हौसाबाई गणपत तारू, मुक्काम वाई. पेन हातात घेऊन त्यांनी सहीही केली. सही करायला त्या साठीनंतर शिकल्या, हे मला तेव्हा कळलं.

"आता तुमचं लिवा," म्हणाल्या आणि पाठ भिंतीला टेकून डोळे मिटले.

मी नवीन पान घेतलं. सदतीस वर्षांत जे सहा वेळा अडलं होतं ते सातव्या वेळी अर्ध्या पानात संपलं. 'तुमच्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. तीनशे दहा अंडी होती. त्यातली दोनशे बावन्न माझ्यामुळे गेली. अठ्ठावन्न हौसाबाईंनी नोकरी पणाला लावून वाचवली. मी परळ धरायला होतो. त्या दिवशी तुम्ही जे मला दिलंत ते त्यांचं होतं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी ठेवून घेतलं. तुमची तीन वर्षं गेली, त्याची क्षमा मागतो. रीत सोबत जोडली आहे.' खाली सही केली. वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं.

पोस्ट दोन गल्ल्या पलीकडे होतं. हौसाबाई म्हणाल्या, मी येते. नातसून नको म्हणत होती, मीही म्हणालो, ऊन आहे. "तुमच्या एकट्याच्या हातात दिऊ व्हय?" त्यांनी विचारलं. "मागचा अनुभव हाय." मग त्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा दंड धरून निघाल्या. वाटेत दोनदा टेकलो. दुसऱ्यांदा टेकावं लागलं ते माझ्यासाठी.

खिडकीतल्या मुलीनं पाकिटाचं वजन केलं, तिकिटं लावायला दिली. मी ती लावली. बाहेरच्या लाल पेटीपाशी आलो.

"कवा पोचंल?" हौसाबाईंनी विचारलं.

"परवा."

"परवा?" त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पुनं इतकं जवळ हाय व्हय, मास्तर?"

आणि त्या हसू लागल्या. काठीवर भार टाकून, खांदे हलवत, पाण्याच्या खोलीत हसल्या होत्या तशाच. मलाही हसू आलं. हसता हसताच मी पाकीट आत सोडलं.